बिननावाच्या भेटी

९ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

नवऱ्याने बायकोला 'सप्रेम नमस्कार' लिहावा की नाही, मला ठाऊक नाही. 'अनेक आशीर्वाद' लिहायला गेलो तर हात अडला. तेव्हा नमस्कारच गोड मानून घे. तुझ्या ताईंनाही सांग. फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि ठेवतेस, म्हणून हे पत्र.

इकडे सर्व ठीक. कुकरची शिट्टी तू ठेवायचीस तिथेच ठेवतो, तरी मला सापडत नाही. शेजारच्या आजी रोज विचारतात, कधी येणार म्हणून. मी 'येईल, येईल' म्हणतो. लॅबमध्ये मी तुझ्या जाण्याला ताईंचा गुडघा पुढे केला आहे. गुडघ्याला आठ महिने लागतात का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. चोवीस तारखेला लॅबचा वाढदिवस. आमची रीत तुला माझ्याइतकीच पाठ आहे: प्रत्येकाने इतरांच्या खणात एकेक छोटी वस्तू ठेवायची, दोन कप चहाच्या किमतीहून महाग नको, वर नाव घालायचं नाही, आणि संध्याकाळच्या चहाला कुणी काय दिलं ते ओळखायचं. गेली अकरा वर्षं माझ्या वस्तू सगळ्यांत आधी ओळखू येतात. कवळ्या पोचवणारा दिवसभर स्कूटरची किल्ली शोधत फिरायचा, त्याला किल्लीला बांधायचं घुंगरू. पॉलिशवाल्या बाईंना चष्म्याची दोरी. प्लास्टरचे साचे ओतणारा आमचा पांढरपेशा (संध्याकाळपर्यंत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो म्हणून पांढरपेशा), त्याची बोटं इतकी फुटायची की शर्टाचं बटण लावता येईना. त्याला जाड मलमाची डबी. 'नजर आहे बुवा तुम्हाला,' असं सगळे म्हणतात.

तर यंदा काय द्यावं, ते जरा सुचव. चार ओळी पुरेत. मी बाजारात जाऊन आलो आणि चार किल्लीच्या साखळ्या घेऊन आलो. सगळ्यांना सारख्या. घरी आल्यावर त्यांच्याकडे बघवेना.

तुझं तिकडचं काम उरकलं की कळव. घाई नाही.

तुझा,
मी


२७ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. मी यादी मागितली आणि तू प्रश्न पाठवलेस. पॉलिशवाल्या बाई दुपारी कुठे बसून जेवतात? पांढरपेशा हत्यार कोणत्या हाताने धरतो? पोचवणाऱ्याची आई आता बोलते का? बस, एवढंच. खाली सही नाही, 'बरी आहे' नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बाईसाहेबांनी परीक्षा घेतली.

पण तीनपैकी एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. अकरा वर्षं मी या माणसांच्या मांडीला मांडी लावून मेणात दात कोरतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी बघायला लागलो. बाई मागच्या दाराशी उलट्या ठेवलेल्या लोखंडी पेटीवर बसून जेवतात, एकट्या. पॉलिशच्या चाकाने त्यांचे कान दुपारपर्यंत बधिर झालेले असतात, आमच्या गप्पा ऐकू येत नाहीत, म्हणून येत नाहीत त्या आमच्यात. मला इतकी वर्षं वाटायचं, बाई शिष्ट आहेत. पांढरपेशा डावखुरा निघाला आणि साचे तासायची त्याची सुरी उजव्या हाताची. पोचवणाऱ्याला मी आईबद्दल विचारलं तर तो स्कूटरवर चढलेला खाली उतरला. झटका आल्यापासून त्याची आई बोलत नाही. काय हवं ते कळलं नाही की ती रडते, आणि मग हाही रडतो. हे त्याने दारातच उभ्या उभ्या सांगितलं, हातात कवळ्यांचे डबे तसेच.

मग मी वस्तू केल्या. बाईंच्या पेटीवर ठेवायला एक छोटी गादी; खोळ मी शिवली आहे, टाके बघून हसशील. पांढरपेशाच्या सुरीला डाव्या मुठीत बसेल अशी लाकडी मूठ तासली. पोचवणाऱ्याच्या आईला पाटी आणि खडू, तिचा डावा हात चालतो म्हणाला. मॅडमना काय दिलं ते विचारू नकोस, मालकांच्या बाबतीत मी पेनवर भागवलं.

चोवीसला चहा झाला. पॉलिशवाल्या बाई गादी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तर वेळच लावला नाही. "हे यांचंच," त्या म्हणाल्या, "मी कुठे बसते ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पांढरपेशाने माझी पाठ थोपटली, शर्टावर पांढरा पंजा उमटला.

दरवर्षी अशा वेळी मी मान खाली घालून हसतो, आणि घरी येऊन तुला 'आवडलं हं त्यांना' असं एका वाक्यात सांगतो. यंदा ते जमलं नाही. मी सांगून टाकलं की या वस्तू माझ्या नाहीत, माझ्या बायकोच्या आहेत. घुंगरू तिचं, दोरी तिची, मलम तिचं. मी जेवताना लॅबची बडबड करायचो आणि ती त्यातून माणसं वेचून काढायची. यंदाही तिने विचारलं म्हणून मला दिसलं. ताईंचा गुडघा ठणठणीत आहे, हेही सांगितलं.

मग बाईंनी विचारलं, अगदी साधेपणाने, "आणि तुम्ही त्यांना काय देता?"

मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मॅडमनी विषय बदलावा म्हणून विचारलं, वहिनी हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर असतात ना अजून? मी म्हटलं, नाही, मे महिन्यात निवृत्त झाली. समारंभ कसा झाला, असं पांढरपेशाने विचारलं. मी म्हटलं, मी गेलो नव्हतो.

आता तेच लिहितो, जे पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं. त्या दिवशी मी चार वाजता येणार होतो. एका म्हातारबुवांची कवळी तातडीची होती म्हणून अडकलो, असं तुला सांगितलं. कवळी सकाळीही झाली असती. मला तुमच्या हॉलमध्ये अनोळखी लोकांत हार घातलेल्या बायकोशेजारी उभं राहायचा कंटाळा आला होता. सव्वीस वर्षांत मी त्या लोकांची ओळख करून घेतली नव्हती, मग ते अनोळखीच असणार. तू संध्याकाळी एकटी रिक्षाने आलीस. हातातली भरलेली पिशवी तू माझ्या खुर्चीवर ठेवलीस. मी ती उचलून खाली ठेवली, बसलो आणि तुला त्या कवळीची हकीकत सांगितली. पुढचे दोन दात कसे किंचित वाकडे ठेवले, म्हणजे म्हातारबुवांना ते आपलेच वाटतील. तू सगळं ऐकून घेतलंस. म्हातारबुवांची बायको आहे का, एवढं विचारलंस. तिसऱ्या दिवशी 'थोडे दिवस ताईकडे जाते' म्हणालीस.

पिशवी तू नेली नाहीस. मी खाली ठेवली तिथेच ती अजून आहे. झाडताना उचलतो आणि पुन्हा तिथेच ठेवतो. उघडलेली नाही, तुझी शपथ. वरच्या पुडक्यावर एक कागद टाचलेला आहे आणि त्यावर कुणाचं तरी गिचमिड अक्षर आहे. कुणाचं ते मला कळत नाही. तुझ्या शेजारच्या खिडकीवर कोण बसायचं, तुला चहा कोण आणून द्यायचं, निरोपाच्या दिवशी कोण रडलं, यातलं एक माणूसही मला सांगता येणार नाही. मी लाजतो आहे, आणि लाजतो आहे हे लिहिताना बरं वाटतं आहे.

तू परत ये, असं मी लिहिणार नाही. ते मागायला मी अजून काही केलेलं नाही.

रविवारी मी पिशवी घेऊन ताईंच्या घरी येतो. चार वाजता येईन. तू दार उघडलंस तर एकेक वस्तू काढ, आणि ती कुणी दिली, त्याने तुला हेच का दिलं, ते मला सांग. कितीही वेळ लागो. लॅबचं नाव मी काढणार नाही. दार उघडावंसं वाटलं नाही तर पिशवी ताईंच्या हातात देऊन परत फिरेन. तुझी वस्तू तुझ्यापाशी असेल, एवढं तरी होईल.

तुझ्या समारंभाला आठ महिने उशिरा निघालेला,
तुझा नवरा