चांदी, भुऱ्या आणि कन्हानकाठची ती सकाळ

कामठी, १२ जानेवारी १९८५

प्रिय सत्यवती,

परवा रामदासपेठेत डॉक्टरांकडे गेले होते. फाटकाशी एका साहेबांचा कुत्रा बांधलेला होता, रुंद छातीचा, लांब पायांचा. मालक ऐटीत म्हणाले, "अमेरिकेचा पिटबुल आहे." माझ्या मुलानं लगेच विचारलं, "आई, तुमची चांदी अशीच होती काय वं?" झालं, डॉक्टरांचा नंबर राहिला बाजूला अन् मी त्याला फरक सांगत सुटले.

हा पिटबुल उंच, चपळ बांध्याचा. आमची चांदी बुल टेरियर, पांढरीशुभ्र. डोकं अंड्यासारखं, कपाळापासून नाकापर्यंत कुठं खाच म्हणून नाही, डोळे बारीक तिकोनी. तुझा भुऱ्या स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुटका, अंगावर पट्टे, गाल फुगलेले, तोंड उघडलं की हसतोय असं वाटायचं. स्वभावही निराळे. चांदी हट्टी, स्वतःच्याच शेपटीमागं गरगर फिरायची. भुऱ्या लहान पोरांना चिकटलेला. सगळ्यांचे पूर्वज एकच, पण घराणी वेगळी, असं या दोघांचे पहिले मालक, छावणीतले कर्नलसाहेब, आपल्याला समजावत. लोकांना मात्र दोघंही नुसते 'बुलडॉग'!

साहेब कामठी सोडून गेले तेव्हा बाबांना चांदी दिली, कारण बाबा मेसमध्ये स्वयंपाकी. बंगल्याची बाग तुझे बाबा, आमचे रुपरावकाका, सांभाळत, म्हणून त्यांच्या वाट्याला भुऱ्या आला. तुझी आई नुकतीच गेली होती. तू जेवायची नाहीस, पण भुऱ्या ताटाशी येऊन बसला की त्याला भरवता भरवता तुझ्याही पोटात दोन घास जायचे. काका दारातून बघायचे अन् आत जायचे. हे तुला तेव्हा दिसलं असेल की नाही, कोण जाणे.

मग भैयाजी आला. कुत्र्यांच्या झुंजी लावणारा तो माणूस चहाच्या टपरीवर आपल्या दोघींच्या बाबांना म्हणाला, "पांढरी जिंकते का पट्ट्याचा, पाहून तर घेऊ न गा!" सगळे हसले, दोघांनाही चेव आला, आणि रविवारी सकाळी कन्हानच्या काठी लोकांचं रिंगण जमलं. एका अंगणात वाढलेली ती दोन जनावरं, साखळ्या ताणून एकमेकांसमोर उभी केलेली. चांदी थरथरत होती. आणि तू गर्दीच्या पायांमधून शिरलीस, मधोमध फतकल मारून बसलीस अन् ओरडलीस, "पहिले मले चावू द्या!"

भुऱ्या तुझ्या मांडीवर येऊन पडला. लोक हसले. "पोरीनं बापाले हरवलं गा," कोणीतरी म्हणालं, आणि काकांनी सगळ्यांदेखत तुझ्या मुस्काटात मारली. आठवड्याच्या आत तुला जबलपूरला मावशीकडे धाडलं. तू टांग्यातून मागं वळून पाहिलं नाहीस. तुझ्या लग्नात काका मांडवाच्या मागच्या ओळीत बसले होते, तेव्हाही तू पाया पडायला गेली नाहीस. मी तुला दोष देत नाही. त्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

पण तू गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही. भैयाजी परत आला, भुऱ्याला मागायला. काकांनी एवढं जड जनावर लेकरासारखं उचलून छातीशी धरलं. "हा माह्या पोरीचा आहे. याले हात लावशील तर पाहून घेईन." बाबा तिथंच होते, तेही मान खाली घालून चांदीला घेऊन घरी आले. पुढं रोज संध्याकाळी काका दोघांनाही नदीवर फिरवायला न्यायचे. भुऱ्या म्हातारा होऊन आंधळा झाला, तेव्हा त्याला भाकर कुस्करून भरवताना मी त्यांना पाहिलंय. मी एकदा म्हटलं, "काका, सत्याले बोलवून घ्या न." तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं बोलवू वं? मारलेला हात तर हाच आहे."

बाबा गेल्यापासून काका माझ्याकडेच दोन घास खातात. काल जेवताना हळूच विचारलं, जबलपूरची गाडी इटारसीला बदलावी लागते काय. पुढच्या रविवारी निघताहेत, तुझ्याकडे. मला बजावलंय, तिला कळवू नको, ती नाही म्हणाली तर माझ्यानं निघणं होणार नाही. सत्या, ते तुझ्या दारापर्यंत येतील, पण कडी वाजवतील याची मला खात्री नाही. परत फिरतील. म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी स्टेशनवर जा. त्यांना आता फार दूरचं दिसत नाही. हाक तुलाच मारावी लागेल.

तुझीच,
प्रेमिला