ॲनिशाचा दाखला

राजोडी,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. कॅरल हिस,
रोझबायचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल ओटा धुताना आपल्या दोघींची आठवण झाली. शाळेला जाण्याआधी आपण इथंच मोगरा ओवायला बसायचो. तुझी बोटं सावकाश चालायची आणि मला घाई. तुझी माळ अर्धी झाली, की मी ती ओढून घेऊन पुरी करायची. तू रुसायचीस, आणि शाळेला उशीर नको म्हणून पप्पा माझीच बाजू घ्यायचे.

आता खरं कारण लिहिते. फोनवर सांगायला गेले की रडू येतं. आपल्या गावच्या शाळेत ग्रंथालयाची दिव्यांगांसाठीची जागा निघाली आहे, आणि मुख्याध्यापिका विनयाबाईंनी ॲनिशाला निवडलं. एकतीस वर्षांची झाली माझी मुलगी, पहिल्यांदा कुणी तिला कामावर बोलावलं. फक्त दिव्यांगत्वाचा दाखला नवा हवा होता. म्हणून मंगळवारी बळीरामच्या रिक्षातून माणिकपूरला शिबिराला गेलो. तपासणी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! पांगळ्यांचं शिबिर वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्याला मेडल द्यावं, असं बळीराम म्हणाला. दोन माणसांनी ॲनिशाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. त्यातला एक हसत म्हणाला, की मॅडमना घरी चांगलं खायला मिळतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, दोन मिनिटांत आम्ही बाहेर. आज दाखला आला. त्यावर लिहिलंय, बौद्धिक दिव्यांगत्व, ऐंशी टक्के. जिचे जन्मापासून स्नायू आखडलेले, जिने घरी बसून बी. ए. केलं, चर्चच्या मासिकातल्या फादरांच्या चुका जी काढते, तिला! विनयाबाई म्हणाल्या, की या दाखल्यावर संस्था तिला घेणार नाही. मार्चअखेर दुरुस्त करून आणा, तोवर थांबते. मी काय करू, सांग.

भाऊजींना सलाम. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
रोझबाय

पुणे,
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाय हिस,
कॅरलचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं. अपिलाचा अर्ज सोबत लिहून पाठवतेय. जुना दाखला, पदवीचं प्रमाणपत्र आणि तिचं काम पाहिलेल्या फादरांचं पत्र जोड. त्यांच्या चुका काढल्या तरी देतील ते!

एक विचारते, रागावू नकोस. ॲनिशाला स्वतःचं नाव सांगायलाच अर्धं मिनिट लागतं. मग चार प्रश्न दोन मिनिटांत कसे उरकले? उत्तरं कोणी दिली? मोगऱ्याच्या माळेचं तूच काढलंस म्हणून लिहिते. बारसं असो, लग्न असो, मला विचारलेल्याचं उत्तर तूच द्यायचीस. मला चहात साखर किती, तेसुद्धा. माझं निभावलं, कारण मी लग्न करून पुण्याला पळाले. ती कुठं पळणार?

पुन्हा जाशील तेव्हा तोंडाला कुलूप लाव. तिला बोलू दे. त्यांना थांबू दे. थांबणं हे त्यांचं काम आहे, उपकार नव्हेत.

रागावलीस तरी पत्र टाकायचं थांबवू नकोस.
तुझीच,
कॅरल

राजोडी,
१९ मार्च २०२५

चि. कॅरल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन आठवडे तुझ्यावर रागावले होते. राग गेला तेव्हा लिहायला बसले.

हो, मीच दिली उत्तरं. मागं शंभर माणसं उभी होती, डॉक्टर सारखे दाराकडे बघत होते. त्यांनी तिला वार विचारला. तिची मान वळली, ओठ जुळायला लागले, आणि मी मंगळवार म्हणून मोकळी झाले. मोठ्या माणसाला उत्तरासाठी ताटकळत ठेवणं म्हणजे उद्धटपणा, हे शाळेतल्या सिस्टरांनी आपल्या हाडात मुरवलेलं. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, आणि कॅरल, मी त्यांना थँक्यू म्हटलं. सलग तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेला बसते, पण प्रार्थनेत मन लागत नाही.

सोमवारी अपिलासाठी गेलो. तू सांगितलंस तसं मी तोंड मिटून बसले. खिडकीवरच्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं, ते माझ्याकडे बघून. ॲनिशाने सुरुवात केली. मी हातातली जपमाळ आवळून धरली. बाई म्हणाल्या, आजी, तुम्ही बोला ना, आम्हाला एवढा वेळ नाही. मी गप्प. मग त्यांनी मला ऐकू येतं का ते खुणेने विचारलं! ॲनिशा आडनावापर्यंत पोहोचली होती, तेवढ्यात त्यांनी पुढचा नंबर पुकारला. मी बोलले तेव्हा चुकलं, आणि गप्प राहिले तेव्हाही तिचं कुणी ऐकलं नाही. शेवटी शिपायाने अर्ज घेतला आणि तीन महिने लागतील म्हणाला. मार्च संपायला बारा दिवस उरलेत.

परत येताना तिने रिक्षात माझा हात धरला नाही. ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे, सगळे काही ना काही सोडतात; तूही आमच्यासाठी काहीतरी सोड. निदान मला माफ करण्यातला उशीर तरी.
तुझी,
रोझबाय

राजोडी,
२५ एप्रिल २०२५

प्रिय कॅरल मावशी,
ईस्टरच्या शुभेच्छा आणि सा. न. वि. वि.

हे पत्र मी एका बोटाने मोबाईलवर टाइप करून छापून आणलं. चार दिवस लागले. बळीरामकाका दुकानाबाहेर तासभर थांबले आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्यांना तुझ्याकडून थँक्यू सांगते, माझं सांगून झालंय.

शाळेतली जागा गेली. विनयाबाई स्वतः घरी आल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते त्यांनी मम्मीला सांगितलं. मी समोरच बसले होते. अपिलाचं उत्तर अजून नाही. मी सरकारकडे मोबाईलवरून तक्रारही केली होती, तिच्यापुढे ‘निकाली काढली’ असं दिसतं. काय निकाल लागला ते कुणाला माहीत नाही.

मम्मी हल्ली बोलतच नाही. मी पाणी मागितलं तरी वाक्य संपेपर्यंत हात जोडून उभी राहते, मिस्सेत उभी राहते तशी. मला ते नको आहे. मला काय हवं आहे, ते सोबतच्या निवेदनात आहे. शिबिराच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत काय काय घडलं, कोण कोणाकडे बघून बोललं, मी काय सांगत होते आणि कोणी मला तोडलं, हे मी क्रमाने लिहिलं आहे. कुणालाही वगळलेलं नाही.

उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल, पण ते माझ्या नावावर येऊ दे.
तुझी भाची,
ॲनिशा

ता. क. निवेदनाच्या चार प्रती आहेत. पहिली पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयात तू स्वतः नेऊन दे, आणि पोच घे. दुसरी तपासणाऱ्या डॉक्टरांना रजिस्टर पोस्टाने. तिसरी विनयाबाईंना. चौथी मम्मीला, इथल्याच पत्त्यावर, तीही पोस्टानेच पाठव. मी हातात देऊ शकते, पण मग ती माझ्या तोंडाकडे बघत वाचेल आणि रडायला लागेल, आणि दुसऱ्या पानापर्यंत जाणार नाही. तिची प्रत बाकीच्यांसारखीच आहे. तिच्यासाठी काही गाळू नकोस.