बठ्ठा पुढे

माय, परवा मी फुटबॉलचा शेवटचा सामना खेळले. गुडघा आता ऐकत नाही. धरणगावला आलेय, तुझ्याच पाटावर बसून लिहितेय. माझा खेळ तुला कधी कळला नाही आणि तू ते लपवलंही नाहीस. भाकरी थापता थापता विचारायचीस, "गोल का नही करस तू? बठ्ठा दिन मांगे का उभी ऱ्हास?" मी म्हणायचे, माय, मी बचावात खेळते, समोरच्यांना गोल करू द्यायचा नाही. "म्हंजे राखणदार शे तू," म्हणून तू तवा उतरवायचीस.

क्लबमधलं पहिलं वर्ष आठवतं. माझ्या एका बाजूला मणिपूरची, दुसऱ्या बाजूला केरळची. मागून हाक देऊन सगळ्यांना एकदम पुढे काढायचं काम माझं. एक जरी मागे राहिली तर समोरची मोकळी सुटते. इंग्रजी मला येत नव्हतं, हिंदीत तोंड उघडलं की पोरी हसायच्या. मी गप्प राहिले आणि त्यापायी आम्ही हरलो. प्रशिक्षक सरळ म्हणाले, पुढच्या सामन्यातही मुकी राहिलीस तर सामान बांध. मी तुला फोन करून रडले. तू पारोळ्याच्या बाजारात होतीस. कुणाला तरी वांगी तोलून दिलीस आणि मग म्हणालीस, "तुले आरोळी मारता येस ना? माना शेजारे बसीसन मारेल शे ना? मंग आपली बोलीमा मार. ज्यासले गरज शे, त्या समजी लेतीन."

मारली. "बठ्ठा पुढे!" पोरींना बठ्ठ्या म्हणायला हवं होतं, तू पोट धरून हसली असतीस, पण घाईत तेच निघालं. सगळ्या एकदम धावल्या, समोरची एकटीच आमच्या मागे उरली, ऑफसाइड. मणिपूरची नंतर विचारते, बठ्ठा म्हणजे काय? म्हटलं, सगळे. तेव्हापासून तोच आमचा शब्द झाला. तुझ्या आवाजावर मी इतकी वर्षं पोट भरलं, माय. आईचे उपकार बोलून दाखवू नयेत म्हणतात, मी दाखवते.

परवा मला शेवटी बाहेर बोलावलं. माझ्या जागी गेलेली नवी पोर आसामची, खानदेश कुठे आहे हे तिला ठाऊक नाही. मी बाकावर बसते न बसते तोच तिची आरोळी आली, बठ्ठा पुढे. मी सगळ्यांदेखत रडले.

तू असतीस तरी हे तुला वाचूनच दाखवावं लागलं असतं. तुझे शब्द तेवढे जसेच्या तसे उतरवले, माझं सगळं पुस्तकी मराठीत झालं. तुझी बोली मला लिहिता येत नाही, माय. नुसती ओरडता येते.