सुनेची फटफटी

६ जाने. ८५, रवि.
जेवताना मेधानं विषय काढला. दिवाळीनंतर श्रीकांत बोटीवर गेला तेव्हापासून त्याची मोटरसायकल खाली जिन्याशी ताडपत्रीत गुंडाळून उभी आहे. ‘‘आई, मी शिकू का ती चालवायला?’’ भरतकामाचा क्लास लावू का, अशा सुरात. मी म्हटलं, आधी आमटी वाढ.
कारण खरं आहे. फिजिओथेरपी शिकलेली मुलगी, हॉस्पिटल सुटल्यावर घरोघरी जाऊन पेशंट घ्यायचे म्हणते. अर्धांगवायूची माणसं, मोडक्या खुब्याच्या म्हाताऱ्या, त्या काय हिच्याकडे चालत येणार? पण बसची वाट बघण्यातच हिची संध्याकाळ जाते.
बंडू आठवला. माझा धाकटा भाऊ. मित्राची फटफटी, घोडबंदरचा रस्ता. अंगावर ओरखडा नव्हता, सगळा मार डोक्याला बसला, तिथंच गेला. तेव्हा हेल्मेट कुणी पाहिलेलं.
‘नाही’ म्हणणार होते. तोंडातून ‘बघू’ निघालं.

८ जाने.
झोप नाही. सकाळी अट सांगून टाकली. डोक्यापासून पायापर्यंत सगळं घालायचं, नीट गुरू करायचा, आणि पुरतं शिकल्याशिवाय एकटीनं रस्त्यावर जायचं नाही.
‘‘पुरतं म्हणजे किती, आई?’’
‘‘ते मी ठरवणार.’’
हसली. मला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना पास-नापास करण्यात माझा जन्म गेला. मान्य, म्हणाली. लगेच हात पुढे केला, टाळी द्यायला. सासूला टाळी. दिली मीही.

११ जाने., शुक्र.
स्टेशनजवळच्या दुकानात हेल्मेट. दुकानदारानं अर्ध्या डोक्याची एक टोपली काढली, ‘‘लेडीज के लिए हल्का है.’’ मी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली, आमच्या डालड्याच्या डब्याचा आवाज बरा. मे.नं ती बाजूला सारली. आयएसआयचा शिक्का बघून एक घेतलं, पट्टा हनुवटीखाली आवळला आणि मला म्हणाली, ‘‘आई, मागून धरून वर ओढा. जोरात.’’ ओढलं तर निघून माझ्या हातात आलं. दुसरं, तिसरं. शेवटी एक असं मिळालं की मान हलवली की गालही त्याच्याबरोबर हलतात. तेच बरोबर, म्हणे. पांढरं घेतलं, लांबून दिसतं म्हणून. हातमोजे, घोटा झाकणारे बूट. जाड कापडाचं जाकीट श्री.चंच आहे, बाह्या दुमडून चालेल.
मला मजा आली. कबूल करते.

१४ जाने., संक्रांत
कासारीण येऊन गेली. मे.ला मनगटभर हिरव्या बांगड्या भरल्या. काळ्या साडीवर काय खुलल्या. नवरा समुद्रावर असताना हात भरलेला असावा, एवढं माझं म्हणणं, आणि तिनं कधी मोडलं नाही.
मे.च्या हळदीकुंकवाला बायकांनी मला भंडावलं. बातमी कुणी फोडली देव जाणे. घाटकोपरहून नणंद आली होती. ‘‘काय गो वयनी, सून तुझी फटफटी चालवता म्हणतत?’’ मी म्हटलं, अजून नाही, पण चालवेल. सगळ्या बायका तीळगूळ खायला लागल्या.

२० जाने., रवि.
पहिला धडा. गुरू फ्रान्सिस, मरोळ गावातले. मिलिटरीत फटफटीवरून डाक पोचवायचे. पोट सुटलेलं, आवाज चर्चच्या घंटेएवढा, स्वतःवर फार खूश. मला ‘टीचर’ म्हणतात, मे.ला ‘बाय’.
एमआयडीसीतले रस्ते रविवारी रिकामे. मला वाटलं, गाडी सुरू करतील. छे. त्यांनी चांगली उभी गाडी हलकेच रस्त्यावर आडवी केली. ‘‘उचल, बाय. पडणार तर आहेच, आधी उचलायला शीक.’’
मे.नं गाडीकडे पाठ केली, खाली बसली, मागे हात घालून धरली आणि पाय रोवून उठली. गाडी तिच्याबरोबर उभी. ‘‘कंबर वापरायचीच नाही, आई. मांड्या,’’ मला सांगते, चेहरा लाल. फ्रान्सिसनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्याकडून ही मोठीच पावती असावी.
मग म्हणाले, ‘‘हातातल्या काचा काढ.’’
तिच्या आधी मीच बोलले. नवरा बोटीवर आहे तिचा.
‘‘टीचर, आमच्यात पण लग्नात हिरवा चुडा भरतात. माझ्या बायकोनं भरलेला. त्याचं मोल मला ठाऊक आहे, तरी सांगतो ना, पडली तर काच हातात घुसेल.’’
मी ऐकलं नाही. बांगड्या कोपराकडे सरकवून वर जाकिटाची बाही, झालं. मे. दोघांच्या मध्ये उभी.

२७ जाने., रवि.
पडली.
आधी सगळं छान. क्लच हळूहळू सोडायचा, नजर लांब. ब्रेक दोन्ही, पुढचा आणि मागचा, बेतानं दाबत न्यायचे, गाडी सरळ असताना. पुढच्या ब्रेकनं माणूस उडतो असं आम्ही ऐकत आलो. फ्रान्सिस म्हणतात, उडतो तो घाबरून एकदम आवळणारा. मग तिनं वळण घेतलं, अगदी सावकाश, आणि वळता वळता पुढचा ब्रेक दाबला. गाडी बसल्यासारखी आडवी झाली. ही खाली.
मी धावले. या वयात.
हेल्मेटला चरा, डोकं ठीक. जाड पँट घासली, गुडघा ठीक. बूट होता म्हणून घोटा वाचला. हातमोज्याखाली तळवा कोरा. रक्त आलं ते फक्त मनगटावर. बाहीतून बांगड्या खाली सरकल्या होत्या आणि हात टेकताना फुटल्या.
फ्रान्सिस मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.
घरी चिमट्यानं काचा काढल्या. मला वाटलं, आता म्हणेल, पुरे झालं. ही म्हणते, ‘‘मी चाकाकडे बघत होते, आई. वळायचं होतं तिकडे बघायला हवं होतं.’’ दुखतंय का विचारलं तर म्हणे, थोडं. अशी मुलगी माझ्या घरात आली आहे, याचा मला आज फार अभिमान वाटला. आणि स्वतःचा राग आला तो वेगळा.

२८ जाने.
सकाळी तिला मोरीत बसवून, साबण लावून, उरलेल्या बांगड्या मी उतरवल्या. एकेक, सावकाश. एक माझ्याच हातात वाढली. माझे हात ओले म्हणून बरं, डोळे पुसलेले तिला कळले नाहीत. कळले असतील.
मंगळसूत्र कुडत्याच्या आत टाकते म्हणाली. म्हटलं, टाक. श्रीकांतसाठी देवाशी मी वेगळं बोलेन, माझे त्याच्याशी जुने संबंध आहेत.
संध्याकाळी समोरच्या देसाईबाईंनी रिकामे हात बघितलेच. ‘‘मेधाताई, हे काय?’’ मी दारातूनच सांगितलं, मी उतरवल्या. पुढे विचारायची सोय ठेवली नाही.

१० फेब्रु., रवि.
रस्त्यात विटा मांडून त्यांच्यामधून इंग्रजी आठाचा आकडा. एकही पाय न टेकता. परत. परत.
फ्रान्सिस मध्येच हात वर करतात, तशी जागच्या जागी थांबायचं. थांबते, गाडी सरळ, मान वर. वळायच्या आधी आरसा, मग खांद्यावरून मागे एक नजर. ‘‘ट्रकवाल्याच्या आरशात तुला त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्याला तू पण दिसत नाहीस. तिथं राहू नको.’’ हे मी माझ्यासाठीही लिहून ठेवते, चालणाऱ्यालाही कामाचं आहे.
तिचं एक पाहून ठेवलंय. चुकली की चिडत नाही, कारण शोधते आणि तेच पुन्हा करते. वर्गात अशी मुलं मला फार थोडी भेटली. भेटली की मी घरी येऊन ह्यांना सांगायची. आज हे असते तर सांगितलं असतं.

१५ फेब्रु.
श्री.चा ट्रंककॉल, खालच्या जोशांकडे. खरखर नुसती. मे.नं स्वतःच सांगितलं त्याला. आधी हसला, मग आवाज चढला. गाडी जड आहे, तिला झेपणार नाही, मुंबईचं ट्रॅफिक काय, लोक काय म्हणतील. तिनं फोन माझ्या हातात दिला.
‘‘आई, तू तिला काही बोलत का नाहीस?’’
‘‘गाडी आडवी पाडून ती एकटी उचलते. तू आलास की उचलून दाखव.’’
मग, ‘‘ठीक आहे. पण तू हो म्हणालीस तरच. काही झालं तर तुझी जबाबदारी.’’
लेकानं नेम बरोबर धरला. रात्रभर ‘जबाबदारी’ डोक्यात.

२१ फेब्रु.
लायसन्सची परीक्षा पास. साहेबांनी बाई बघून आठ दोनदा काढायला लावला. तिनं दोनदा काढला. घरी पेढे घेऊन आली, पहिला मला. सरकारनं हो म्हटलं, राहिले मी.
पेढा खाल्ला, ‘हो’ मात्र म्हटलं नाही.

२४ फेब्रु., रवि.
फ्रान्सिस म्हणाले, ‘‘टीचर, लांबून काय बघता? मागं बसा, म्हणजे कळेल.’’
बसायचं तर दोन्ही बाजूंना पाय टाकून. एका बाजूला बसलेली बाई, पदर आणि चाक, हे त्यांना चालत नाही. पंजाबी ड्रेस? या वयात, या बिल्डिंगीत? मग सुचलं. ट्रंकेतून आईचं लुगडं काढलं, कासोटा घालून नेसले. आमच्या बायका घोड्यावर बसत त्या काय उगीच. पुढची अडचण अंबाडा. फ्रान्सिसनी माझ्यासाठी दिलेलं हेल्मेट त्याच्यावर टेकून मागे कलंडायचं. मे. म्हणाली, असं घालण्यापेक्षा न घातलेलं बरं. अंबाडा सोडून वेणी घातली, शाळेतल्या मुलीसारखी. जिन्यात देसाईबाई भेटल्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, मी ‘चला, येते’ म्हणून पुढे.
‘‘आई, वळताना माझ्या खांद्यावरून वळणाकडे बघा. उलटं झुकू नका.’’ पहिल्या वळणाला झुकलेच. गाडी डगमगली, तिनं सावरली, थांबून पुन्हा समजावलं, आवाज न चढवता.
जुहूपर्यंत गेलो. वाटेत कडेला एक टॅक्सी उभी होती. मे.नं वेग कमी केला, बाजूला सरकली. का, ते मला कळेना. तेवढ्यात टॅक्सीचं दार उघडलं, बेफिकीर, रस्त्यात. तिला आत माणूस हललेला दिसला होता. होण्याआधी दिसतं तिला. मी सगळ्या वाटेत तिची पाठ धरून हेच पाहिलं, सिग्नलला, रिक्षांच्या मध्ये, बसमागे. किती हुशार आहे ही, किती शांत.
मी रडले. हेल्मेटात रडण्याची सोय बरी असते.
जुहूला शहाळं प्यायलो. तिनं काही विचारलं नाही. मीही ‘हो’ म्हटलं नाही.

४ मार्च, सोम.
आठवडा काढला असाच. ती बसनं जाते, येते, विचारत नाही. घाटकोपरला एक आजोबा आहेत, उजवं अंग गेलेलं. कोणी रोज आलं तर हात परत हलेल, असं सांगत होती. सहज सांगत होती, माझ्यावर दबाव म्हणून नाही. मला तेच जास्त लागलं.
खरं काय ते लिहिते. तिचं शिकून झालंय. फ्रान्सिस तसं म्हणतात, मलाही कळतंय. मी अडलेय ती बंडूवर. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, काही घालायला दिलं नव्हतं, आणि हिनं सगळं केलंय. तरी भीती जात नाही. ती जाईल म्हणून थांबले तर आजोबांचा हात तसाच राहील आणि ही बसस्टॉपवर.
रात्री भांडी विसळताना म्हटलं, ‘‘उद्या गाडी घेऊन जा.’’
तिच्या हातातली वाटी निसटली. माझ्या गळ्यात पडली, ओल्या हातांनी. म्हटलं, लुगडं नाही ही, साडी आहे, भिजवू नकोस.

५ मार्च, मंगळ.
दुपारी निघाली. आज तिला हॉस्पिटलची सुट्टी, सरळ घाटकोपर. मीच तिचा पट्टा ओढून पाहिला. साकीनाक्यावरून जायचं, तिथले ट्रक मला माहीत आहेत. कोपऱ्यावर थांबली, खांद्यावरून मागे एक नजर टाकली, गेली.
खिडकीत बसून लिहितेय. दिवेलागण झाली. देवाशी बोलून झालं. मघाशी एक फटफटी गल्लीत वळली, दूधवाल्याची निघाली. जोशांकडचा फोन वाजला नाही, तो वाजू नये एवढंच.
घाबरलेय. पण आता तिनं विचारलं तरी हो म्हणेन. उद्याही जाईल, परवाही. आणि मी रोज या वेळी इथे बसणार, याला माझाही हो आहे, हे काल माझ्या लक्षात आलं नव्हतं.
खाली कुठलीशी गाडी थांबली. बघून येते.