मोटार, व्याही आणि माझं पाया पडणं

सात रस्ता, सोलापूर.
आषाढ वद्य दशमी, शके १८५८.

रा. रा. बाळासो दाजी यांच्या पायांवर मेहुणा जोतीराम याचा माथा. (हल्ली माथा कुठे टेकवायची भीतीच बसली आहे, कारण पुढे येईल.) आक्काची कंबर कशी आहे ते कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण दाजी, काहीही क्षेम नाही. माझं डोकं ठिकाणावर नाही आणि त्याला थोडे जबाबदार तुम्हीही आहात, कारण आमच्या रंभासाठी वळसंगच्या कोंडीबांचं घर तुम्हीच शोधलंत.

तीन आठवड्यांपूर्वी माझी भाड्याने चालवायची मोटार दारापुढे कडेला उभी होती. इंजिन बंद, आत कोणी नाही, मी फडक्याने काच पुसत होतो. तेवढ्यात व्याही बैलगाडी घेऊन आले. कासरा मांडीखाली दाबलेला, दोन्ही हात तंबाखू मळण्यात. खोंड नवे. मोटारीच्या काचेत त्यांना आपलीच शिंगं दिसली आणि ते उधळले. दिवा फुटला, रेडिएटर फाटला, कोंडीबा रस्त्यावर बसले आणि त्यांचा पटका गटारात गेला.

आता मुलीच्या बापाने काय करावं? मी पटका उचलला, व्याह्यांचे पाय धरले आणि चार माणसांसमोर म्हणालो, "चुकलं आमचं, पावणं. पोटात घाला." (त्यांनी माझी भिंत पाडली असती तरी हेच म्हणालो असतो.) यावर समोरच्याने "छे, तुमचं कुटलं" असं म्हणायचं असतं. कोंडीबा म्हणाले, "व्हय की. मोटार वाटंत उबी केल्यावर बैलांनी जायाचं कुटं?" तरीही मी त्यांना नवा पटका बांधला, नारळ दिला, जेवायला वाढलं आणि त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली.

मोटारीचा विमा होता म्हणून मी गप्प बसलो. मग कंपनीचे एक हॅटवाले गृहस्थ आले. त्यांनी मोटारीकडे पाहिलंसुद्धा नाही, शेजाऱ्यांना विचारत फिरले. पलीकडच्या सुंदरम्मा हातमागावरून उठून आल्या आणि देवाला स्मरून खरं ते बोलल्या, "पाय यांनीच धरले की. पटका पन दिला." झालं. कंपनीचं पत्र आलं की आपण सर्वांसमक्ष चूक कबूल केली, वस्तुरूपाने भरपाईही दिली, तीही आम्हांस न विचारता, सबब कंपनी जबाबदार नाही. दाजी, व्याह्याला पटका बांधायला आता कंपनीची परवानगी काढायची? या मेल्यांना मुली नाहीत का? कचेरीत जाऊन मी टेबलावर हात आपटला, घसा बसेपर्यंत ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, समोरच्याने चूक आपली असल्याचं लिहून दिलं तर पाहू.

आणि शहाण्यांनी तशी विचारणा परस्पर कोंडीबांनाच केली. ते पत्र वळसंगच्या चावडीवर सगळ्या गावादेखत वाचलं गेलं. परवा आमचा सिद्धनाथ बहिणीला लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला आणायला गेला, तो एकटाच परत आला. निरोप असा, "व्याह्यानं आमच्यावर कागुद केला. पोरगी न्हाय धाडायची." तिच्या आईने झोका बांधून ठेवला आहे. मला इतका संताप आला आहे की कंपनी, कोंडीबा आणि ते दोन खोंड यांना एका दावणीला बांधावं.

आपला,
जोतीराम

ता. क. — तुम्ही मध्यस्थ आहात, तेव्हा उद्याच वळसंगला निघा. सोबतच्या कागदावर 'चूक माझी' एवढंच लिहिलं आहे. त्याखाली कोंडीबांची सही आणा. सोडू नका त्यांना. माझं पोट त्या मोटारीवर आहे.

आणखी एक ता. क. — पाकिटात दुसराही कागद आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही, फक्त खाली माझी सही आहे. रंभाला धाडायला ते तयार होत नसले तर पहिला कागद फाडून टाका आणि या दुसऱ्यावर कोंडीबा सांगतील ते लिहा. पोरीला मात्र घेऊनच या.