स्टिअरिंगवरची लाल खूण

दादा,

जीप बाहेर काढू नकोस. स्टिअरिंगचा नवा दांडा मी बसवलाय, पण खालचा बोल्ट कसायचा राहिलाय. तुझा भरवसा नाही, म्हणून बॅटरी काढून जिन्याखाली ठेवलीय.

काल पाहुण्यांसमोर बाबा म्हणाले, "आजोबांची जीप आमच्या पोराने एकहाती उभी केली." तू खुशाल मान डोलावलीस. मी तिथेच ग्रीसने माखलेले हात घेऊन उभी होते. मला म्हणाले, "हात धू आणि पाणी आण."

मी मावशीकडे चाललेय. आयत्या बिळावर नागोबा झालाच आहेस, तर तेवढा बोल्ट तरी कस. आधी दांड्यावरची आणि स्टिअरिंग बॉक्सवरची लाल खूण समोरासमोर आण.

खुणा माझ्या नेलपॉलिशच्या आहेत. बाबांनी विचारलं, तर तेही तुझंच म्हणून सांग.