पटाच्या मधोमध राजा

३ मार्च, सोमवार

पुन्हा चुकले. कालच्याच काही फायली आज परत भरल्या आणि डाव दोन-दोनदा दिसायला लागले.

सेद्राक होता तोवर दर सोमवारी तोच हे करायचा. आठवड्याभरातले जगातले नवे डाव गोळा करायचे, दुबार आलेले काढायचे, डेटाबेसमध्ये घालायचे आणि मुलांच्या बुद्धिबळ शाळेला पाठवायचे. मी शेजारी बसून डाळिंबं सोलायचे. बघून बघून आपल्यालाही येत असेल असं वाटायचं. येत नाही.

शाळेतून नोराइरचा फोन आला. सेद्राकबरोबर शिकवायचा तो. मुलांची स्पर्धा तोंडावर आलीय आणि त्यांच्याकडे जानेवारीपर्यंतचेच डाव आहेत. मी म्हटलं, तूच येऊन कर. तर म्हणाला, "वहिनी, मी हात लावला तर आहे तेही जाईल. तुम्ही दुकानात औषधांच्या बाटल्या चुकत नाही, हेही जमेल."

बाटल्यांवर नाव असतं.

४ मार्च

दुबार डाव काढले. सकाळी फ्रेंच बचावात एक चाल फार यशस्वी दिसत होती, आता ती साधारणच निघाली. दोनदा मोजलेला डाव खोटं बोलतो, असं सेद्राक म्हणायचा. मुलांना दरडावण्यापुरतं म्हणतो असं मला वाटे.

फेब्रुवारीच्या फायली राहिल्यात. त्यात ग्युम्रीची स्पर्धा आहे.

६ मार्च

उघडली.

शेवटची फेरी. सेद्राककडे पांढरी मोहरी, समोर कोणी त्सोलाक. डाव छान चाललाय — मला एवढं कळतं. सेद्राकचा एक घोडा जास्त. राजा हत्तीला लागून उभा, त्याला राखतोय. आणि शेवटच्या चालीला राजा हत्तीला सोडून सरळ पटाच्या मधोमध जातो! हत्ती फुकट. पुढे काही नाही. निकालाच्या जागी नुसती चांदणी, म्हणजे निकाल नोंदलेलाच नाही.

शाळेतलं पहिल्या वर्षाचं मूलही असं करणार नाही.

ही चाल करून तो उठला, गाडीत बसला आणि घरी येताना तालिनजवळ गाडी रस्ता सोडून खाली गेली. ब्रेक मारल्याची खूण नाही, असं पोलीस म्हणाले होते. बर्फावर कसली खूण उमटते, असं नणंद त्यांच्यावर खेकसली. पण मातीच्या दिवशी स्वयंपाकघरात तीच कोणाला तरी हळू आवाजात सांगत होती — हल्ली तो फार गप्प असायचा.

गप्प होता का? आम्ही दोघंही गप्पच. मला कसं कळावं?

८ मार्च

महिला दिन. दुकानात सगळ्याजणींना फुलं. मलाही. घेतली.

९ मार्च

तोच डाव पुनःपुन्हा. मागे नेते, पुढे आणते. प्रत्येक वेळी वाटतं, या वेळी राजा जागेवरून हलणार नाही.

त्यानं मुद्दाम केलं का? कोणाला विचारू? विचारलं की ते खरं होऊन बसेल.

१० मार्च, सोमवार

नोराइर डाव न्यायला आला. गोड गाता पाव घेऊन आला होता, कॉफी केली. मग मी ती शेवटची चाल त्याला दाखवली.

त्यानं पाहिलं आणि हसला. माझ्याकडे लक्ष गेलं तसं हसू आवरलं.

"वहिनी, ही चाल नाहीये."

मग समजावून सांगितलं. पट वायरचा असतो, प्रत्येक चाल आपोआप कॉम्प्युटरवर जाते. डाव संपला की दोन्ही राजे उचलून मध्ये ठेवायचे, म्हणजे पटाला निकाल कळतो. दोन्ही पांढऱ्या घरांत तर पांढरा जिंकला, दोन्ही काळ्यांत तर काळा, एकेक असेल तर बरोबरी. पण पट कधीकधी तेही चाल म्हणूनच लिहून घेतो. असल्या शेपट्या सेद्राक दर आठवड्याला शिव्या देत कापायचा. त्याच्या स्वतःच्या डावाचीच तेवढी राहिली.

मी कपबशा उचलून आत गेले. नळ सोडून त्या दोनदा विसळल्या.

बाहेर आले तर नोराइर मोबाईलवर स्पर्धेचा तक्ता बघत बसलेला. चेहरा उतरलेला. दोघांना अर्धा-अर्धा गुण. एक घोडा जास्त असताना बरोबरी! सोपी बरोबरी घेणाऱ्या मुलांना सेद्राक जिने चढायला-उतरायला लावायचा. नोराइर म्हणाला, काही तरी कारण असेल. जाताना त्सोलाकचा नंबर देऊन गेला. ग्युम्रीत दाताचा डॉक्टर आहे म्हणे.

११ मार्च

म्हणजे हत्ती त्यानं सोडला नाही. जिंकत आलेला डाव सोडला. या दोन्हींत फरक आहे का? सकाळी वाटलं, आहे. आता कळत नाही.

नणंद रविवारच्या, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं विचारायला आली होती. किती माणसं, कोकरू कुठून आणायचं. मी सगळ्याला बरं म्हटलं.

१३ मार्च

नंबर लावला. वाजायच्या आत ठेवला.

१४ मार्च

त्सोलाक बोलला. ग्युम्रीचा माणूस, तिथल्या रीतीप्रमाणे आधी विनोदच — "तुमच्या नवऱ्यानं मला पार झोपवलं होतं, बाई. इथं गावात मी उलटं सांगतोय, तेवढं सांभाळून घ्या."

मग आवाज बदलला. खिडकीबाहेर बर्फ सुरू झालेला सेद्राकनं पाहिला आणि बरोबरीसाठी आपणहून हात पुढे केला. जिंकायला अजून तासभर लागला असता. हा म्हणाला, अहो, रात्र काढा ना इथंच. तर कोट चढवत म्हणाला, "रस्ता बंद व्हायच्या आत निघतो. बायको जेवायची थांबलेली असते."

मी जेवले होते.